आईच्या गावचा थांबा

बाबा, आईच्या डोक्यात गाठ आहे. कर्करोगाची नाही, घाबरू नका. मेंदूवरच्या आवरणातून उगवलेली, लिंबाएवढी, कपाळाच्या मागे बसलेली. तुम्हाला घाबरू नका म्हणणं जरा अतीच झालं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि आता माझ्या कानामागचे केस पांढरे झालेत, म्हणजे घाबरायचं खातं कितीतरी वर्षांपासून माझ्याकडेच आहे. पण सवय जात नाही. घरात काही वाईट सांगायचं असलं की आधी ते तुम्हाला सांगायचं, तुमचा आरडाओरडा होऊ द्यायचा आणि मग आईकडे जायचं, असा आपल्या घरचा क्रम होता. तो मी आजही पाळते आहे. आई बाहेर ओसरीवर गोधडी शिवत बसली आहे. दुपारचं ऊन तिच्या पायांपर्यंत आलंय. सुईत दोरा ती अजून स्वतःच ओवते, मला हात लावू देत नाही. तिच्या दुसऱ्या तपासणीची चित्रं माझ्या पिशवीत आहेत आणि त्यांत काय दिसलं ते तिला अजून माहीत नाही.

कळलं कसं ते सांगते. दिवाळीला मी पांढरकवड्याला आले तर फाटकापाशीच जळक्या लसणाचा वास. आत जाऊन बघते तर ही गॅसपुढे शांत उभी आणि कढईत फोडणी काळी ठिक्कर. मी ओरडले, "आई, जळलं ना सगळं!" तर म्हणते, "काय जळलं? मले तं काहीच वास नाही येऊन राह्यला." बाबा, ही तीच बाई, जिला तुम्ही एस्टीची गाडी डेपोत लावून, नाक्यावर बिडी ओढून आलात की अंगणातूनच कळायचं आणि मग तुमचं ताट आदळलं जायचं. तिचं नाक गेलं आणि तिनं ते कोणाला सांगितलंही नाही. म्हातारपण म्हणून सोडून दिलं. मी तिला नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या आणि गाठ निघाली.

आता माझं काम तुम्हाला सांगायला हवं, कारण ते तुमच्यामागं सुरू झालं. तुम्ही शेवटचं विचारलं होतंत, "काय शिकून राह्यली वो पोट्टी तू? नोकरी लागते का त्यानं?" मी उत्तर टाळलं होतं. नोकरी लागली, बाबा. नागपुरात बोगद्यासारखं एक मोठं यंत्र आहे, माणसाला त्यात आडवं सरकवून आतलं चित्र काढतात. मी त्यातल्या एका खास तपासणीवर काम करते. डोक्याखाली एक उशी ठेवतात, ती बारीक थरथरते, ती थरथर कवटीतून मेंदूत जाते आणि यंत्र ती आत कशी पसरते ते टिपतं. ताटातला खरवस हलवला की सगळा डुलतो आणि भाकरीचा गोळा हलवला तर हलत नाही, तेवढंच त्यातलं तत्त्व. थरथर कशी पसरते त्यावरून आतला कुठला भाग मऊ आणि कुठला कडक ते कळतं. डोकं न उघडता कळतं, ही त्यातली मोठी गोष्ट.

अडचण अशी की त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ डोकं तसूभरही हलता कामा नये. आपली माणसं तिथं हरतात. भीतीमुळे म्हणाल तर तसं नाही, रीतीभातीमुळे. डोक्यावर पिंजरा, कानाला हेडफोन, आणि त्यातून आवाज आला, "काका, ठीक आहात ना?" की काका मान डोलावतात. डॉक्टर बोलले तर काही जण तिथल्या तिथं हात जोडतात, एक घाटंजीकडचे आजोबा तर उठूनच बसायला निघाले होते, कारण मोठ्या माणसानं विचारलं आणि आपण लोळत उत्तर दिलं हे त्यांना पटेना. मोजणी गेली वाया, करा पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आम्ही ती तपासणी लवकर कशी उरकता येईल याच्या मागं लागलो. माझी सगळी उमेदीची वर्षं त्यात गेली. लग्न का केलं नाही असं आई विचारते तेव्हा मी या यंत्राचं नाव सांगते.

आईनं काही वेगळं केलं नाही. यंत्र चालवणारी माझी सहकारी कितीदा बजावून सांगते, "काकू, बोलायचं नाही, मान हलवायची नाही." आई म्हणते हो. यंत्र सुरू होतं. थोड्या वेळानं सहकारी विचारते, "त्रास होत नाही ना काकू?" आणि आईची मान डोलते, हात जुळतात आणि वर प्रश्न, "नाही वो बाई. तू जेवली काय?" मी काचेपलीकडं कपाळाला हात लावून बसले होते. मग विचारायचंच नाही असं ठरवलं, तर कोणी काही बोलत नाही म्हणून ही घाबरली आणि सगळे गेले की काय ते बघायला मान वळवली. शेवटी मी माझी पद्धत लावली, जी लवकर उरकते ती. दूध उतू जायच्या आत काम झालं. पडद्यावर गाठ दिसली, सगळीकडे एकसारखी, मऊ.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर खूश झाले. गाठ डोळ्यांच्या नसांना चिकटून आहे. मऊ असली तर हलक्या हातानं ओढून घेता येते, डोळ्यांना धक्का लागत नाही. कडक असली तर कुरतडत काढावी लागते आणि मग नजर जायची भीती. ते म्हणाले, "मऊ आहे ना? मग वाट कशाला पाहायची, काढून टाकू." आईनं मला एकच विचारलं, "डोयाले काही होणार नाही ना माय?" मी नाही म्हणून मान हलवली. ती इतकी हरखली की पांढरकवड्याला येऊन तिनं गल्लीभर सांगितलं, "माह्या पोट्टीच्या मशिनीनं सांगतलं, गाठ लोण्यावानी हाय." शेजारच्या काकू मला बघून पदर सावरायला लागल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत माझ्या कामाचा उपयोग घरात कोणाला दिसला तो हा पहिल्यांदा.

पण ते चित्र मला आवडलं नव्हतं. फारच गुळगुळीत होतं. परत परत उघडून बघायचे आणि बंद करायचे. आणि मला सारखा घाटंजीचा स्टँड आठवायला लागला.

बाजाराचा दिवस आहे. मला शाळेला सुट्टी आहे, आई आणि मी तुमच्याच गाडीनं परत निघालोय. तुम्ही गाडी मागे घेताय. तुमचा कंडक्टर मागं जाऊन उभा राहायचं सोडून लिंबाच्या सावलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतोय आणि तिथूनच ओरडतोय, "येऊ द्या, येऊ द्या!" तुम्ही एकाएकी ब्रेक दाबता. का दाबलात ते तुम्हालाही सांगता आलं नाही. खाली उतरून मागं जाता तर मागच्या चाकापासून हातभरावर, गाडीच्या सावलीला एक म्हातारी बोरांची टोपली घेऊन बसलेली. डुलकी लागलेली. तुम्ही तिला काही बोलत नाही. सरळ जाऊन कंडक्टरच्या हातातला खर्रा खाली पाडता.

"पाह्यलं होतं का तू मांगं?"

"नाही भाऊ, पण रोज मोकयंच रायते ना तठी."

"रोज रायते! रोज रायते म्हणून आज असनच काय? पाह्यलं का धरून चालला? सांग मले, पाह्यलं का धरून चालला?"

भर स्टँडवर तुम्ही त्याला इतकं फाडून खाल्लंत की बघ्यांची गर्दी जमली. गाडी उशिरा सुटली, लोक शिव्या घालत होते, आईनं लाजेनं पदर नाकापर्यंत ओढला होता आणि मला तुमचा भयंकर राग आला होता. झालं तर काहीच नव्हतं. म्हातारी उठून बाजारात निघूनही गेली होती. एवढा तमाशा कशाला, असं मी घरी आल्यावर म्हटलं, तर माझ्यावरही ओरडलात. तुमचा तो स्वभाव मला शेवटपर्यंत आवडला नाही, हे आज तुमच्या आठवणीनं डोळे भरले म्हणून बदलून सांगणार नाही.

बाबा, माझी पद्धत लवकर उरकते कारण ती सगळं मोजत नाही. थोडं मोजते आणि उरलेलं संगणक भरतो. तो मनाला येईल तसं भरत नाही, आम्ही त्याला आधी पुष्कळ डोकी पूर्ण मोजून दाखवलेली असतात, त्यावरून तो ठरवतो की इथं असं असेल तर शेजारी बहुधा तसं असेल. पण ती डोकी कोणाची? विद्यार्थ्यांची, सहकाऱ्यांची, माझी स्वतःची. जी पाहिजे तेवढा वेळ गप पडून राहू शकतात त्यांची. लिंबाएवढी गाठ घेऊन आलेली म्हातारी बाई त्यानं फारशी पाहिलेलीच नाही. तिथं त्यानं काय केलं असेल? रोज राहते म्हणून धरून चालला असेल. मी रात्रंदिवस ज्याचं कौतुक केलं, तो माझ्या आईच्या डोळ्यांमागं जाऊन न बघता "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असेल, या विचारानं मला अन्न गोड लागेना.

डॉक्टरांना सांगितलं, एकदा लांबची मोजणी होऊ द्या, पूर्ण. ते म्हणाले, "करा, पण त्या निश्चल राहणार कशा?" तोच प्रश्न होता. गुंगीचं औषध तिच्या छातीच्या दुखण्यामुळे नुसत्या तपासणीसाठी नको, द्यायचं तर शस्त्रक्रियेच्या वेळीच, म्हणाले. मी विचार करत होते की ही बाई आयुष्यात कधी कोणाला उत्तर न देता बसली आहे का? आणि आठवलं. तुमच्या गाडीत. तुमच्यामागच्या पहिल्या बाकावर ती बसायची आणि समोर लिहिलेलं असायचं, चालकाशी बोलू नये. दुसरं कोणी ती पाटी पाळत नसे. मंडळी तुमच्या कानाशी येऊन जमिनीच्या भांडणांपासून पोरीच्या स्थळापर्यंत सगळं बोलायची. पाळायची ती एकटी आई. लग्न होऊन आली तेव्हा तुम्हीच तिला दटावलं होतंत म्हणे, की गाडीत मी नवरा नाही. घरी तोंडाला तोंड देणारी बाई गाडीत मूर्तीसारखी बसायची. आणि तुम्ही मात्र आरशात तिच्याकडे बघत एकटेच बोलत राहायचात, पुढचा थांबा कुठला, तिथं कोण चढणार, कोणाचा बैल पळाला. तिच्याशी बोलायची तुमची ती एकच रीत होती, असं मला आता वाटतं.

माझा आवाज तुमच्यावर गेलाय. शाळेत पोरं मला एस्टीचा भोंगा म्हणायची. त्या दिवशी मी आईला सांगितलं, "आई, आज गाडीत बसायचंय. बाबांची गाडी आहे असं समज." ती हसली, म्हणाली, "येडी झाली काय?" पण यंत्रात गेली, उशी थरथरायला लागली आणि मी बटण दाबून तुमच्यासारखं सुरू केलं. चला, पांढरकवडा सुटलं. नाका आला. कापसाच्या जिनिंगवाले उतरा बरं, मागून ओरडू नका. आता नाला. आता आश्रमशाळा, मास्तर आज दिसत नाहीत. बाबा, ती हलली नाही. मान नाही, बोट नाही. माझी सहकारी पडद्याकडं बघत राहिली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. मी बोलत राहिले. टेकडीवरचं देऊळ गेलं, फाटा गेला, आणि सवयीनं माझ्या तोंडून आईच्या गावाचं नाव आलं.

तुम्ही तिथं नेहमी थांबायचात. उतारू असो-नसो, वळणावरच गाडी हळू करायचात, दोनदा हॉर्न द्यायचात आणि मामा धावत येऊन गाठोडं द्यायचा. आई गाडीत असली तर उतरून आजीला डोळा भरून बघून यायची, तोवर गाडी थांबायची, वरिष्ठांकडं तक्रारी गेल्या तरी थांबायची. त्यामुळे गावाचं नाव ऐकल्याबरोबर यंत्रातल्या आईनं पाय खाली सोडायला घेतले. "आलं ना माहं गाव. उतरू द्या मले." झाली मोजणी खराब. आम्ही दोघी हसलो. सहकारी हसत हसत रडायला लागली.

तिला बाहेर काढून चहा पाजला. मग पुन्हा आत घातलं आणि मी पुन्हा तीच गाडी सोडली. या वेळी फाट्यानंतर एकदम पुढची दर्ग्याची टेकडी सांगितली. मधलं गाव गाळलं. ती शेवटपर्यंत निश्चल पडून राहिली आणि सगळं मोजून झालं.

गाठ मऊ आहे, बाबा. पण सगळी नाही. डोळ्यांच्या नसांकडची बाजू कडक आहे, आंब्याच्या कोयीसारखी. माझ्या पद्धतीनं तिथं लोणी दाखवलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आणि त्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बरं झालं मोजलंत. मी मऊ समजून आत गेलो असतो." आता काढायची तर नजर जायची जोखीम आहे. तशीच ठेवली तर ती हळूहळू वाढणार आणि कधीतरी डोळ्यांवरच येणार. म्हणाले, "त्यांनाच विचारा, नजर त्यांची आहे." मी म्हटलं, "आईला आत्ताच नको. मी बघून सांगते." काय बघणार होते कोण जाणे. मला एवढंच दिसत होतं की गल्लीभर लोणी लोणी म्हणून सांगत फिरलेल्या बाईच्या तोंडावर मी कोय कशी ठेवू.

काल आम्ही नागपूरहून एस्टीनंच परत आलो. हायवेवर ट्रकांची रांग, आई खिडकीशी. माझ्या मांडीवर ती पिशवी. तपासणीत काय निघालं असं ती विचारेल म्हणून मी सारखी काहीतरी बोलत होते. तिनं ते विचारलंच नाही. पार हिंगणघाट मागं पडल्यावर म्हणाली, "त्या दिवशी गाडी माह्या गावाले काहून नाही थांबली?"

मी म्हटलं, "रस्त्याचं काम चालू होतं, आई."

ती बाहेर बघत राहिली. तुमच्या गाडीत बघायची तशी. मला वाटलं, विषय संपला. मग माझ्याकडं न बघताच बोलली, "थांबाची नसन तं सांगून द्याव माय. मंग माणूस बसून रायते आपल्या जागी. न सांगता गाव निंगून गेलं का जीव खालीवर होते." आणि तिनं माझ्या मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला, थोपटल्यासारखा, आणि काढून घेतला.

तिला कळलंय की नाही, ते मला ठाऊक नाही. रात्री तिनं नेहमीसारखी भाकर केली, ठेच्यात मीठ जास्त पडलं म्हणून स्वतःलाच बोलली, झोपली. सकाळपासून गोधडी काढून बसली आहे आणि ती दसऱ्याच्या आत पुरी करायची म्हणते. मी तिच्या आजूबाजूला फिरते आणि आत येऊन हे लिहिते. तुम्ही असता तर आतापर्यंत ओरडून घर डोक्यावर घेतलं असतंत, डॉक्टरला शिव्या, यंत्राला शिव्या, मला तर पहिल्या. आणि मग आपण दोघं गप झालो असतो आणि मला बाहेर जाता आलं असतं. तुमचं ते ओरडणं आज मला फार हवं होतं. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत आणि ठेवायचेही नाहीत, संध्याकाळी भाकरीची चूल पेटवायला आईच मागेल.

ती आता सुई उजेडाकडं धरून बसली आहे, दोरा पुन्हा पुन्हा चुकतो आहे. मी उठते. पण जाण्याआधी एक सांगते. त्या दुसऱ्या खेपेला फाटा गेल्यावर तिचं गाव तोंडाशी आलं होतं. मी म्हणू शकले असते की आई, आज गाडी इथं थांबणार नाही, बसून राहा. ती राहिली असती. मी घाबरले आणि पुढचे सगळे थांबे भराभरा म्हणून टाकले. ज्या वळणावर तुम्ही गाडी हळू करायचात, तिथं मी वेग वाढवला.